अकरा नंबरचं वाचन

तिसरीची चौदा मुलं एका सुरात धडा वाचत होती आणि मी पहिल्यांदाच खुर्ची सोडून वर्गाच्या मागे जाऊन उभी राहिले होते. कारण अगदीच किरकोळ. पत्रा गळत होता आणि धार नेमकी खुर्चीवर पडत होती. मागून मुलांचे चेहरे दिसत नाहीत, पाठी दिसतात आणि मांडीवरची उघडी पुस्तकं दिसतात. हजेरीतला अकरा नंबर, म्हणजे माझ्या लेखी वर्गातली सगळ्यात चांगली वाचणारी मुलगी, खणखणीत आवाजात बाकीच्यांच्या अर्धा शब्द पुढे चालली होती. तिच्या मांडीवर उघडं होतं ते 'माझी नोंद'चं कोरं पान.

त्या वर्षी, म्हणजे २०२४-२५ला, बालभारतीची पुस्तकं चार भागांत होती आणि धड्यांच्या मध्ये वहीची पानं घातलेली होती. त्या पानांवरून शिक्षकांत बरीच कुरकुर होती, पुढे ती पानं गेलीही. पण त्या दिवशी तसं एक पान मध्ये आलं नसतं तर मला वर्षभर काही कळलं नसतं.

मुलीचं नाव देत नाही, बदललेलंही नाही. अकरा नंबर एवढंच पुरे.

शाळा आणि मी

शाळा बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात. जिल्हा परिषदेची, द्विशिक्षकी. पहिली-दुसरी हेडसरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. माझ्या खोलीत सत्तावीस मुलं, भिंतीला दोन फळे, एकीकडे तिसरी आणि दुसरीकडे चौथी. मी शिक्षणसेवक म्हणून नुकतीच रुजू झालेली. मानधन सोळा हजार, आणि तीन वर्षं नीट गेली तर पुढे वेतनश्रेणी.

गावातली निम्म्याहून जास्त घरं ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल घेतलेली, दिवाळी झाली की ट्रॅक्टरात संसार टाकून सांगली-कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात. परत यायला पाडवा उजाडतो. काही मुलं आजी-आजोबांकडे राहतात, त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाची सोय होते. काही सोबत जातात, खास करून ज्या मुलींच्या मागे लहान भावंडं असतात त्या. अकरा नंबर दुसरीत असताना सोबत गेली होती. हे मला जूनमध्येच माहीत होतं. माहीत असणं आणि त्याचा विचार करणं वेगळं, हे माहीत नव्हतं.

डी.एड.ला मूल्यमापनावर आम्ही भरपूर लिहिलं होतं. २०१०पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. तिसरी-चौथीला आकारिकला, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या पडताळणीला, साठ टक्के, आणि संकलितला, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेला, चाळीस. आकारिकची साधनं आठ, त्यातलं पहिलंच दैनंदिन निरीक्षण. पाठ होतं सगळं. या प्रकरणात पाठांतर फक्त मुलीचंच नव्हतं, हे ओघानं सांगून टाकते.

जूनमधली चूक

शाळा सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात मी प्रत्येकाचं वाचन घेतलं. असर या 'प्रथम' संस्थेच्या सर्वेक्षणातली वाचनचाचणीची पद्धत डोक्यात होती: मूल अक्षर वाचतं, शब्द वाचतं, परिच्छेद वाचतं की गोष्ट. एक परिच्छेद आणि एक गोष्ट मी कार्डावर सुबक अक्षरात लिहिली. व्हरांड्यात खुर्ची टाकली, मुलांची रांग लावली, हजेरीच्या क्रमानं एकेकाला बोलावलं.

पुन्हा वाचा. एकच कार्ड, आणि रांग व्हरांड्यातच.

तीन नंबरचा मुलगा चांगला वाचतो, आणि आवाज असा की चावडीपर्यंत जावा. अकरा नंबरची पाळी येईपर्यंत तिनं ती गोष्ट पूर्ण अशी किमान तीन-चार वेळा ऐकली होती आणि तुकड्या-तुकड्यांनी आणखी कितीतरी. तिनं कार्ड हातात घेतलं आणि एका दमात संपवलं. मी तिच्यापुढे 'गोष्ट' असं लिहिलं, शेजारी चांदणी काढली. असरच्या चाचणीचे एकाहून जास्त नमुने असतात, एकाला एक तर दुसऱ्याला दुसरा देता यावा म्हणून. ते नमुने मी पाहिलेले होते. का असतात, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

याच चुकीची दुसरी बाजू एक नंबरच्या मुलाच्या वाट्याला आली. तो बिचारा सगळ्यात आधी, त्याच्या कानावर काहीच पडलेलं नाही. अडखळला, तर मी त्याला 'शब्द'वर बसवला. ऑगस्टमध्ये नवं कार्ड देऊन पाहिलं तेव्हा परिच्छेद सरळ वाचला त्यानं. दोन महिने तो माझ्या यादीत 'मागे' होता.

जुलैत पायाभूत चाचणी झाली. भाषेत अकरा नंबरला मध्यम गुण. 'घाबरली असेल,' असं म्हणून मी ते सोडून दिलं. तेही गुण कसे मिळाले ते आता कळतं: मुलांना सूचना कळाव्यात म्हणून मी सगळे प्रश्न मोठ्यानं वाचून दाखवले होते.

निरीक्षणाची वही

माझी एक निरीक्षणाची वही होती, शंभर पानी. कोऱ्या पानाच्या दिवशी घरी जाऊन ती पहिल्यापासून वाचली. जून ते ऑगस्ट मिळून ६१ नोंदी होत्या. त्यातल्या २३ दोनच मुलांबद्दल, चौथीतल्या दोन दांडगोबांबद्दल. चार मुलांबद्दल एकही ओळ नाही. अकरा नंबरबद्दल दोन नोंदी. 'वाचन छान.' 'शिस्तीत बसते, हुशार.'

मला त्रास देणारी मुलं मी पाहत होते, आणि त्रास न देणाऱ्यांना चांगलं म्हणत होते. बस. याला निरीक्षण म्हणायचं धाडस मी कसं केलं होतं कोण जाणे.

हेडसरांनी जुलैत एकदा ती वही चाळली होती. माझ्या नोंदी अशा: 'आज फार चंचल', 'लक्ष नाही', 'समाधानकारक', 'आळशीपणा करतो'. त्यांनी वही मिटून परत दिली आणि विचारलं, "मॅडम, ह्या मुलांच्या नोंदी आहेत की तुमच्या?" तेव्हा राग आला होता. ऑगस्टमध्ये त्यांचं म्हणणं पटलं, आणि मी प्रत्येक पानावर मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे 'दिसलं', उजवीकडे 'वाटलं'. डाव्या बाजूला फक्त डोळ्यांना आणि कानांना आलेलं, शक्यतो त्याच तासाला लिहिलेलं. उजव्या बाजूला माझा अंदाज, पेन्सिलीनं. रोज तीनच मुलं, नावं सकाळीच ठरवलेली. सत्तावीस मुलं म्हणजे नऊ दिवसांत एक फेरी पूर्ण.

पहिल्या दिवसाची अकरा नंबरची नोंद अशी:

दिसलं – समूहवाचनात पान दुसरं, शब्द बरोबर. एकटीला उठवून मधल्या परिच्छेदापासून वाच म्हटलं तर ओठ हलवत मनात पहिल्या ओळीपासून म्हणत आली, मग ती ओळ मोठ्यानं. बोट ओळीवर नाही, पानाच्या कडेवर. दोनदा माझ्या तोंडाकडे पाहिलं.
वाटलं – धडा पाठ आहे. कुठून?

पाठ कुठून, याचं उत्तर माझ्याच वर्गात, पलीकडच्या फळ्यासमोर बसलं होतं. तिची मोठी बहीण चौथीत. बहिणीनं आदल्या वर्षी हेच धडे घरी मोठमोठ्यानं वाचले होते, चुलीपुढे बसून. धाकटीनं ऐकले. आता तिसरीत आल्यावर पुस्तकातलं सगळं आधीच तिच्या तोंडात होतं.

तपासणी

तीन दिवसांत, मधल्या सुट्टीनंतर दहा-दहा मिनिटं, मी तिच्यासोबत बसले. परीक्षा म्हणून नाही. चिठ्ठ्यांचा खेळ म्हणून.

पहिल्या दिवशी पुस्तकात नसलेल्या चार ओळी दिल्या, मीच लिहिलेल्या, शाळेच्या हापश्याबद्दल. 'ह', 'प' ओळखून तिनं 'हापसा' म्हटलं आणि पुढचं सगळं मनानं रचलं. रचलेलं वाक्य मूळ वाक्यापेक्षा बरं होतं, ही गोष्ट वेगळी.

दुसऱ्या दिवशी तिच्या पाठ असलेल्याच धड्यातले वीस शब्द वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर, क्रम मोडून. इथं चित्र स्पष्ट झालं. साधी अक्षरं, काना, दोन्ही वेलांट्या तिला येत होत्या. उकारांत ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ. मात्रा एक की दोन, याचा पत्ता नाही. रफार दिसला की ती थांबायची. जोडाक्षरातलं अर्धं अक्षर सरळ गाळायची: 'गोष्ट'चं 'गोट', 'पुस्तक'चं 'पुतक'. वाक्यात असताना हेच शब्द ती बिनचूक म्हणत होती.

चुका मोजताना मी आणखी एक घोळ घातला. त्या वीसात 'पाणी', 'कोण', 'बहीण', 'दाणे' होते. ती 'पानी', 'कोन', 'भैन', 'दाने' म्हणाली आणि मी चार फुल्या मारल्या. रात्री फुल्या पाहताना लक्षात आलं, 'बहीण' पाहून 'भैन' म्हणणाऱ्या मुलीनं तो शब्द वाचलाय. अगदी नीट वाचलाय, आणि वाचून आपल्या घरच्या बोलीत म्हटलाय. गावात कोणीच 'पाणी' म्हणत नाही, तिची आजी नाही, सरपंच नाहीत. मी स्वतः घरी आईशी फोनवर 'पानी'च म्हणते. चारही फुल्या खोडल्या. उच्चाराकडे पुढे कधीतरी पाहता येईल, पण तो वाचनाच्या खात्यात लिहायचा नाही, एवढं तेव्हापासून पाळते.

तिसऱ्या दिवशी मी तिला एक गोष्ट वाचून दाखवली, तिनं कधीही न ऐकलेली, आणि सांग म्हटलं. तिनं सांगितली. पात्रं, क्रम, कोण कुणाला काय म्हणालं, सगळं, वर म्हातारीचा आवाज काढून. मधेच मी एक चूक केली होती, बैलाचा रंग आधी पांढरा आणि नंतर तांबडा वाचला होता. तिनं विचारलं, "म्याडम, बैल दोन व्हते का?"

म्हणजे समजण्यात काहीच उणं नव्हतं. अडत होतं ते कागदावरच्या खुणेपासून आवाजापर्यंतच्या वाटेवर, आणि तेही सगळ्या वाटेवर नाही, ठरावीक चार-पाच ठिकाणी. मात्रा आणि जोडाक्षरं पक्की व्हायची ती दुसरीच्या दुसऱ्या सत्रात. ती तेव्हा कारखान्याच्या तळावर कोपीत, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, धाकट्या भावाला सांभाळत होती.

हेडसर

आता अवघड भाग. दुसरीत तिला मराठीला अ-२ श्रेणी होती आणि ती हेडसरांनी दिलेली होती. नोंदवहीत वर्णनात्मक नोंद: 'मजकूर स्पष्ट उच्चारात व समजपूर्वक वाचते.' त्याच शब्दांत ती नोंद आणखी आठ मुलांपुढे होती. ही वाक्यं कुठून येतात ते प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक, अशी शीर्षकं घालून तयार वाक्यांच्या याद्या मोबाइलवर फिरत असतात, सत्र संपत आलं की जास्तच. मीही एक उतरवून ठेवली होती. शेकडो वाक्यांतलं एकही खोटं नसतं आणि कुठलंच कोणा एका मुलाचं नसतं.

दोन दिवस मी गप्प राहिले. नवी माणूस, त्यात शिक्षणसेवक, गोपनीय अहवाल त्यांच्याच हाती. शेवटी पोषण आहाराचा तांदूळ मोजताना विषय काढला, नजर वजनकाट्यावर ठेवून. चिठ्ठ्या दाखवल्या.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पाडव्याला आली ती. महिनाभरानं परीक्षा. कविता विचारल्या, धडा वाचून घेतला. खणखणीत म्हणली. पुस्तक कुठलं पान उघडं हाय ते नाही पाहिलं मी." थोड्या वेळानं पुन्हा, "आणि खरं सांगू का, पाहायचंही नव्हतं. चार महिने नव्हती पोरगी. इथं लिहायचं काय?"

मला हे उत्तर अजून आठवतं, कारण त्यात बनाव नव्हता. एका शिक्षकाकडे दोन वर्ग, त्यात हेडमास्तरकी, ऑनलाइन माहिती, बांधकामाची बिलं. चार महिने गैरहजर असलेल्या मुलीला खालची श्रेणी दिली तर प्रश्न शाळेला विचारले जातात. मी त्यांच्या जागी असते तर अ-२ऐवजी ब-१ दिला असता, एवढाच काय तो फरक पडला असता.

त्यांनी त्याच दिवशी एक गोष्ट सुचवली, ती माझ्या डोक्यात आली नसती. "पाठ हाय ना धडा? मग त्याच धड्याच्या पट्ट्या कापा."

काम

तसंच केलं. तिला तोंडपाठ असलेल्या धड्याची वाक्यं पट्ट्यांवर लिहिली, पट्ट्या विस्कटल्या, आणि ओळीनं लाव म्हटलं. क्रम तिला माहीत होता. कुठली पट्टी कुठली, हे ठरवायला मात्र पाहावंच लागत होतं. आठवड्यानं प्रत्येक वाक्याचे शब्द कापले. मग जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या शब्दांच्या जोड्या. पाठांतर हे तिचं लपण होतं, त्यालाच शिडी केलं.

जोडाक्षरं मात्र पुस्तकातून नाही घेतली. तिच्याच तोंडचे शब्द फळ्यावर मांडले: मुक्काम, ट्रॅक्टर, हप्ता, रस्ता, चिठ्ठी. 'ट्रॅक्टर' तिनं आधी 'टॅकटर' लिहिला. मी म्हटलं, मागच्या ट्रॉलीवर लिहिलेलं असतं तसं लिही. दुसऱ्या दिवशी गावात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरवरून तळहातावर शाईपेननं उतरवून आणलं तिनं. 'ट'च्या पायाशी कसली तरी काकपदासारखी खूण काढलेली. "हे काय हाय म्याडम, चिमणीचा पाय?" त्या दिवसापासून आमच्या वर्गात ट्र, ड्र यांना चिमणीच्या पायाची अक्षरं म्हणतात.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात न पाहिलेला मजकूर ती मिनिटाला २१ शब्द वाचत होती. निपुण भारत या केंद्र सरकारच्या अभियानाच्या उद्दिष्टात तिसरीला किमान ६० आहेत, अर्थ समजून. ऑक्टोबरअखेर ३८ झाले. मध्ये दोन आठवडे आकडा हललाच नाही, आणि एका आठवड्यात खाली आला, कारण ती प्रत्येक अक्षराशी थांबून पाहायला लागली होती. फक्त आकडा ठेवला असता तर मी घाबरून पद्धत बदलली असती. डावीकडे मात्र लिहिलेलं होतं: 'बोट आता शब्दाखाली. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.'

एक चूक इथंही झाली, ती सांगायला हवी. तिच्यामागे लागून माझी नऊ दिवसांची फेरी मोडली. सप्टेंबरभर चौथीतल्या पाच मुलांची एकही नोंद नाही. तशी पानं आजही वहीत कोरी आहेत.

दिवाळीआधी

पहिल्या सत्राची संकलित चाचणी झाली. या वेळी मजकुराचे प्रश्न मी वाचून दाखवले नाहीत. अकरा नंबरला मराठीला ब-२ आली.

वडील प्रगतिपत्रक घेऊन शाळेत आले. त्यांना अक्षरओळख बेताची, पण श्रेण्या कळतात. टोळी मतदानाच्या आधी निघणार की नंतर, याची गावात चर्चा चालू होती, ते घाईतच होते. "म्याडम, गेल्या साली अ-दोन व्हता. पोरगी घसरली का ओ?"

मला बोलण्याची तयारी करायला वेळ मिळाला नाही, ते बरंच झालं. मी तिला बोलावलं आणि पुस्तकाच्या पुढच्या भागातलं, वर्गात न घेतलेलं पान उघडून दिलं. बहिणीला आधी बाहेर पाठवलं. एवढं तरी शिकले होते. ती वाचायला लागली. हळू, शब्दाखाली बोट ठेवून. एका रफाराशी थांबली, मागे गेली, पुन्हा जोडून म्हणाली. अर्धं पान झाल्यावर वडील म्हणाले, "आता हळू वाचती की. आधी कशी धडाधड वाचायची."

"आधी ऐकलेलं म्हणत होती," मी म्हटलं. "आता वाचतीय."

त्यांना ते पटलं की नाही, सांगता येत नाही. त्यांनी पान स्वतःकडे ओढून पाहिलं, तिच्या बोटाच्या जागी आपलं बोट ठेवलं, आणि विचारलं, "मग हिला हितंच ठिवायची का आजीपाशी?" मी हो म्हटलं. वसतिगृहाच्या यादीत नाव घालते म्हटलं. त्यांनी मान हलवली. धाकट्याला कोण बघणार, हा प्रश्न तिथं कोणी उच्चारला नाही, मीही नाही.

ती गेली सोबत.

स्थलांतर करणाऱ्या मुलांना शाळेकडून शिक्षण हमी कार्ड द्यायचं असतं. जिथं जातील तिथल्या शाळेनं ते पाहून दाखल करून घ्यायचं. तयार वाक्यांची यादी मोबाइलमध्ये होती. ती न उघडता मी कार्डाला एक कागद टाचला आणि त्यावर लिहिलं:

'गोष्ट ऐकून संपूर्ण सांगते. काना-वेलांटी पक्की. रफार, दोन मात्रा आणि अर्धी अक्षरं गाळते, ट्र-ड्र येतात. न आणि ण यांची चूक धरू नये, बोली आहे. एकदा ऐकलेलं तिच्या लक्षात राहतं, म्हणून वाचन घेताना दर वेळी नवा मजकूर द्यावा आणि इतर मुलांच्या आधी घ्यावं. बोट शब्दाखाली आहे का ते पाहावं.'